घरसंसार : भंगारात देण्यापूर्वी

भुकूमहून एक भगिनी लिहितात, "मी ज्या बंगल्यावर कामाला जाते, तिथल्या बाईंनी घर बदलताना हातांची एक जुनी खुर्ची मला दिली. सागवानी आहे. पाठ नि बैठक वेताची, पाय तिरके. भंगारवाला दोनशे देतो म्हणतो. मुलगा म्हणतो, मोबाइलवर अशीच खुर्ची लाखाला आहे. काय करू?"

ताई, सप्रेम जयभीम. मुलाने पाहिले ते अगदीच खोटे नाही. १९५०च्या दशकात चंदीगड शहर उभे राहिले. तिथल्या कचेऱ्यांसाठी, विद्यापीठासाठी पिएर जानरे या स्विस वास्तुशिल्पकाराच्या देखरेखीखाली साग-वेताच्या हजारो खुर्च्या झाल्या. रंधा मारला आपल्याच देशातल्या सुतारांनी. पुढे त्या मोडकळीला आल्या, अडगळीत पडल्या, लिलावात कवडीमोलाने गेल्या. नंतर त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखोंना विकल्या जाऊ लागल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने त्यांच्या विक्रीला व निर्यातीला मनाई केली. सुतारांची नावे कोण सांगणार!

पण तिरके पाय आणि वेताची पाठ एवढ्यावरून तुमची खुर्ची चंदीगडची ठरत नाही. तशा घाटाच्या खुर्च्या इतरत्रही झाल्या, हल्ली नकलाही पुष्कळ निघतात. खुर्ची उलटी करून पाहा. कचेरीची रंगवलेली अक्षरे किंवा क्रमांक दिसला तर विकण्याची घाई नको. ती कुठून आली, हे बाईंना विचारा. आणि क्रमांक असो-नसो, "ही खुर्ची मी खुशीने दिली" अशी दोन ओळींची सहीची चिठ्ठी आजच घ्या. वस्तूची किंमत कळली की देणाऱ्याची आठवण बदलू शकते, आणि संशय कामवालीवर येतो.

दोनशेला मात्र देऊ नका. जुना साग त्याहून मोलाचा आहे. ऑइलपेंट फासू नका, घासून चकचकीत करू नका. जाणकार गिऱ्हाईक मूळ रंगच पाहतो. बैठक खोलगट झाली असेल, पण वेत तुटला नसेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने ओली करा आणि वाळेपर्यंत कोणी बसू नका. वेत वाळताना आखडतो, बैठक ताठ होते. तुटला असेल तर विणणारा शोधा. आपल्याकडे हे काम कित्येक अंध कारागीर बोटांच्या अंदाजाने सफाईने करतात. मजुरी आधी ठरवा आणि वेत कोणी आणायचा तेही.