हरकत वेळींच घ्यावी

पेठेंतील पुष्कळ व्यापारी मंडळींची अशी समजूत आहे कीं, खालच्या कोर्टांत कांहीं चुकलेंच तर वरचें कोर्ट तें निस्तरील. ही समजूत अर्धीच खरी आहे. अपिलाचें कोर्ट सामान्यतः नवा पुरावा घेत नाहीं. खालून आलेलें दप्तर पाहून तें निवाडा तपासतें. त्या दप्तरांत ज्या हरकतीची नोंद नाहीं, ती अनेकदां कायमचीच बुडते.

हुंडीचेंच उदाहरण घ्या. जावरचंद विरुद्ध पुखराज सुराणा या दाव्यांत मूळ कोर्टानें दोन हुंड्या पुराव्यांत दाखल करून घेतल्या होत्या. त्यांवरील मुद्रांक नियमाप्रमाणें नाहीं, म्हणून राजस्थान हायकोर्टानें पुढें दावा फेटाळला. 1961 सालीं सुप्रीम कोर्टानें तो निकाल फिरविला. मुद्रांकाचा वाद कागद पुढें येतांच तेथल्या तेथें मिटविला पाहिजे. रीतसर निशाणी पडलेल्या कागदाविरुद्ध ही तक्रार 1899 च्या मुद्रांक कायद्याच्या 36 व्या कलमामुळें पुढें सामान्यतः चालत नाहीं, असा त्या निकालाचा सारांश.

दावा चुकीच्या गांवीं लावला, ही हरकतही दिवाणी कार्यपद्धतीच्या 21 व्या कलमाप्रमाणें फार तर मुद्दे काढण्याच्या वेळेपर्यंत घ्यावी लागते. मुदतीची गोष्ट निराळी. दावा मुदतबाह्य असल्यास, प्रतिवादी गप्प बसला तरी, 1963 च्या मुदतीच्या कायद्याच्या 3 ऱ्या कलमाप्रमाणें कोर्टानेंच तो काढून टाकला पाहिजे. परंतु असे अपवाद थोडे.

या नियमांत अन्याय आहे काय? मुळांत नाहीं. वेळींच हरकत आली तर प्रतिपक्षास उणीव भरून काढतां येते व न्यायाधीशास चूक सुधारतां येते. हरकत मनांत दडवून ठेवून, निकाल विरुद्ध गेल्यावर ती बाहेर काढणाऱ्यास कायद्यानें आश्रय कां द्यावा? अन्याय आहे तो दुसरीकडे. ज्यास वकील देण्याची ऐपत नाहीं, त्यास मौन म्हणजे हक्क सोडणें, हें कोण सांगणार? आणि तोंडी घेतलेली हरकत लिहिलीच गेली नाहीं तर? महाराष्ट्र सरकार विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या खटल्यांत 1982 सालीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, कोर्टांत काय घडलें याविषयीं न्यायाधीशांनीं निकालांत केलेली नोंद अखेरची. ती चुकीची वाटल्यास त्याच न्यायाधीशांच्या नजरेस ताबडतोब आणावी.

म्हणून आमची सूचना अशी कीं, कागदावर निशाणी घालण्यापूर्वीं न्यायाधीशांनीं प्रतिपक्षास हरकत आहे काय, असें विचारून उत्तर रोजनाम्यांत लिहावें. आणि वकील नसलेल्या पक्षकारास गप्प बसण्याचा परिणाम त्याच्या भाषेंत समजावून द्यावा. यास नवा कायदा नको कीं मोठा खर्च नको. तोंवर व्यापारी बंधूंनीं हरकत लेखी अर्जानें द्यावी व त्यावर हुकूम मागावा. वहींत न मांडलेली उधारी जशी वसूल होणें कठीण, तशीच रोजनाम्यांत न लिहिलेली हरकत अपिलांत उभी राहणें कठीण.