चार वर्षं तिचीही आहेत

अग्निवीर म्हणून नौदलात गेलेल्या मुलाला चार वर्षं लग्न करता येत नाही. भरतीच्या अटींत हे स्पष्ट लिहिलेलं असतं: उमेदवार अविवाहित हवा आणि सेवेच्या काळात त्यानं लग्न केलं तर त्याला काढून टाकलं जाईल. हिंगोली जिल्ह्यातल्या सोयरिकीच्या बैठकीत मात्र पगार किती, शेत किती, बहिणी उजवल्या का, एवढं सगळं विचारून होतं आणि हा मुद्दा ‘ते बघू पुढं’ म्हणून बाजूला पडतो. जिच्या आयुष्याची चार वर्षं त्या एका अटीत अडकणार असतात, ती तेव्हा आत चहाचे कप भरत असते.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत या पाचही तालुक्यांत सोयाबीन आणि हळदीवर घर चालतं, आणि पाऊस हुकला की तेही चालत नाही. त्यामुळे वर्दीच्या नोकरीची ओढ खरी आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं कोणत्याही गावाबाहेर दिसतात. १४ जून २०२२ ला चार वर्षांच्या सेवेची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि सैन्यदलांतली शिपाई-नाविक पदांची भरती त्याच वाटेनं होऊ लागली. पहिल्या वर्षी हातात २१ हजार, चौथ्या वर्षी २८ हजार, आणि शेवटी सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख, असं तेव्हा सांगितलं गेलं. पेन्शन नाही. नौदलाच्या पहिल्या तुकडीचं दीक्षान्त संचलन २८ मार्च २०२३ ला ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर झालं. सुमारे २६०० जणांच्या त्या तुकडीत २७३ मुली होत्या. म्हणजे उद्या थांबणारा माणूस गावाकडचा मुलगाही असू शकतो. पण आज आपल्याकडे थांबते ती बहुतेक मुलगीच.

थांबण्याचं गणित रजेवर बसतं. नियमित नाविकाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस नैमित्तिक रजा मिळते. अग्निवीराला सगळे मिळून तीस दिवस. त्यातही घरी निघायला मिळेल की नाही, हे जहाज कुठं आहे आणि वरिष्ठांना किती माणसं सोडता येतात यावर ठरतं.

समजा, त्याला फेब्रुवारीत बारा दिवस मिळाले. विशाखापट्टणमहून रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं कळमनुरी. येण्याजाण्यात दोन-तीन दिवस गेले. घरी हळदीची काढणी चालू असते. वावरात कुकर लागलेला, शिजलेली हळद वाळत टाकायला माणूस मिळेना, मग वर्दीतलं पोरगं दोन दिवस तिथंच. एक दिवस औंढ्याला दर्शन, एक दिवस आजारी आजीकडं, एक चुलत बहिणीच्या लग्नात. बँकेचं काम, तलाठ्याकडचा फेरफार, मित्रांचं जेवण. जिच्याशी साखरपुडा झालाय तिच्या वाट्याला उरते रसवंतीतली अर्ध्या तासाची भेट, तीही सोबत धाकटा भाऊ घेऊन. दोघांनी काय बोलायचं ठरवलं होतं, ते तसंच राहतं.

यात कुणी वाईट वागत नाही. आईला पोरगं डोळ्यांसमोर हवं असतं, बापाला वावरात. पण रजेवर पहिला हक्क कुणाचा, हे कुणी ठरवलेलंच नसल्यानं मागायला सगळ्यांत अवघड जागी असलेली मुलगीच मागं पडते. ‘अजून लग्न कुठं झालंय’ हे वाक्य तिला गप्प करायला पुरतं.

रजा संपली की अबोला सुरू होतो, आणि त्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात नौदलाच्या सात जणांना अटक झाली. त्यानंतर युद्धनौका, नाविक तळ आणि गोद्यांमध्ये स्मार्टफोन व समाजमाध्यमांवर बंदी आली. ‘सेलिंगवर चाललोय’ एवढंच सांगून मुलगा जातो. कुठं आणि किती दिवस, हे त्यानं सांगायचं नसतं. इकडं संदेशावर एकच खूण दिसत राहते आणि शेजारपाजारचे नको ते तर्क सुरू करतात. साखरपुड्याआधी दहा मिनिटं काढून हा नियम सांगितला, तर कितीतरी रात्री सुखाच्या जातील.

समुद्रावरचं काम वेळापत्रक पाहून येत नाही. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकातानं चाळीस तासांच्या मोहिमेत अपहृत ‘रुएन’ जहाजावरचे १७ खलाशी सोडवले. शरण आलेल्या ३५ सोमाली चाच्यांना घेऊन ती २३ मार्चला मुंबईत पोहोचली, होळीच्या आदल्या दिवशी. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा ऐन लग्नसराईत रजेवरचे जवान परत बोलावले गेले. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा तालुक्यातला एक जवान ५ मे रोजी बोहल्यावर चढला आणि ८ मे रोजी सीमेकडं निघाला. त्याची पाठवणी साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली, अभिमानानं पाहिली. पाठवणी करणाऱ्या नववधूचं पुढचं वर्ष कसं जातं, तिकडं मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं.

सगळ्यांत मोठं नुकसान याच्याही आधी होतं. साखरपुडा झाला की ‘जावई नेव्हीत आहे, आता हिला शिकून काय करायचंय’ म्हणत मुलीचं कॉलेज सुटतं. एकोणिसाव्या वर्षी ठरलेली मुलगी तेविसाव्या वर्षापर्यंत घरात बसून असते. एवढ्या काळात पदवी होते, नर्सिंगचा अभ्यासक्रम होतो, ती स्वतः भरतीच्या मैदानावर उतरू शकते. मुलाच्या वर्षांना सरकारनं नाव दिलंय, पगार दिलाय, शेवटी निधीही ठेवलाय. मुलीच्या त्याच वर्षांना घरानं निदान शिक्षण द्यावं, ही मागणी फार मोठी नाही.

‘गपचूप उरकून घ्या, नोंदणी मागाहून करू’ असं सुचवणारे भावकीत निघतात. त्यांचं ऐकलं तर नोकरी जाण्याची टांगती तलवार, आणि लग्न लपवायचं म्हणून मुलीच्या हाती कसलाही कागद नाही. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर ती दारात उभी राहून कोण म्हणून सांगणार?

आणि चार वर्षं भरल्यावर? जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांनाच पुढं नियमित सेवेत घेतलं जातं. चिल्क्याच्या पहिल्या तुकडीची मुदत २०२६ च्या अखेरीस भरते. त्यानंतरची लग्नं पक्की धरून बसलेल्या घरांना नवरदेव नाविक असेल की नोकरी शोधणारा, हे माहीत असायला हवं. ‘कायम झाला तरच लग्न’ असं कुणी म्हणू लागलं, तर चार वर्षं थांबलेल्या मुलीला पाचव्या वर्षी नकार ऐकावा लागेल. म्हणून निवडीचा निकाल नौदलानं मुदत संपण्याच्या निदान सहा महिने आधी कळवला पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली. जवानांच्या कुटुंबांना सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदत मिळावी, हा तिचा हेतू. चांगली गोष्ट आहे. जिल्हा प्रशासनानं याच धाग्यानं आणखी एक पाऊल टाकावं: वर्षातून एकदा, दसऱ्याला हिंगोलीत प्रदर्शन भरतं आणि गावोगावची माणसं येतात तेव्हा, सेवेतल्या मुलांच्या आईवडिलांना आणि ठरलेल्या मुलींना एकत्र बसवून रजा, फोन, लग्नाची अट आणि सेवानिधी नीट समजावून सांगावा. माजी सैनिकांच्या बायकांना बोलायला बोलवावं. त्यांनी हे सगळं काढलेलं आहे.

घरांना मात्र दसऱ्याची वाट बघायची गरज नाही. सोयरिकीच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी लिहिली जाते, त्याच कागदावर भरतीची तारीख, चार वर्षं कधी भरतात ती तारीख, मुलाचा सेवा क्रमांक आणि अडीअडचणीत तळावर कुठं फोन लावायचा तो नंबर लिहावा. दोन्ही घरांनी एकेक प्रत ठेवावी, आणि मुलीलाही एक द्यावी. प्रत्येक रजेतले दोन पूर्ण दिवस त्या दोघांचे, हेही तिथंच लिहावं, म्हणजे हळदीच्या हंगामातही ते कुणी मागणार नाही.