गोणीची किंमत

आपल्या बीडकडे शेतकरी हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतात. गोणपाटाचा ताग मात्र वेगळा. तो मुख्यतः पश्चिम बंगालात पिकतो. चार महिन्यांचे झाड कापून पाण्यात कुजवतात आणि सालीचा धागा सोडवतात. आपल्याकडे त्याच्या जागी अंबाडी होती. अंबाडा-गोश्त आपण आवडीने खातो; अंबाडीच्याच वाखाचे दोर, कासरे घरोघर वळले जात. नायलॉन आले आणि ती कारागिरी मागे पडली.

धान्य-साखर तागाच्या गोणीत भरण्यासाठी १९८७ चा कायदा आहे. तरी २०१७ साली तुरीचे अमाप पीक आले, तेव्हा मराठवाड्यात बारदानाअभावी खरेदी थांबली. माल केंद्राच्या दारात आणि घरात लेकीची फी, दवाखाना, उधारी अडलेली. गोणीची किंमत अशा वेळी कळते.

म्हणून भगिनींनो, जुनी गोणी फेकू नका. झटकून, धुऊन कडक वाळवा. जुन्या ओढणीचे अस्तर लावा, बाजाराची पिशवी तयार. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलींकडून अशाच पिशव्या शिवून घेतो. ओलीत ठेवली तर ती कुजेल, हे खरे. पण फाटल्यावर मातीत जाऊन मातीच होईल. प्लास्टिकला ते जमत नाही.