कागद राष्ट्राचे, घराण्याचे नव्हेत

सत्ता संपली की सत्ताधीशाचे कागद कोणाचे? अमेरिकेत दीर्घकाळ ते अध्यक्षांची खासगी मालमत्ता मानले जात. कित्येक कागद वारसांच्या हाती विखुरले, काही नष्टही झाले. ही प्रथा फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मोडली. हाइड पार्क येथील आपल्या वडिलोपार्जित जागेवर देणग्यांतून ग्रंथालय उभारून त्यांनी ते कागदपत्रांसह राष्ट्राच्या स्वाधीन केले. १९४१ साली ते जनतेस खुले झाले. पुढे वॉटरगेट प्रकरणाने डोळे उघडले आणि १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांचे शासकीय दस्तऐवज राष्ट्राची मालमत्ता ठरले.

व्यक्तिपूजेचा दोष तेथेही आहेच. योर्बा लिंडा येथील निक्सन ग्रंथालय खासगी संस्थेकडे होते, तोवर वॉटरगेटची कहाणी तेथे निक्सन यांच्या सोयीने सांगितली जाई. २००७ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने ते हाती घेतले आणि २०११ मध्ये दस्तऐवजांच्या आधारे नवे दालन उघडले.

दिल्लीत तीन मूर्ती परिसरात २०२२ साली सर्व पंतप्रधानांचे संग्रहालय उभे राहिले, हे उचितच झाले. परंतु अशा वास्तूचे खरे वैभव तिच्या कपाटांतील कागदांत असते. ते कोणत्याही घराण्याच्या वा पक्षाच्या कुलुपात राहता कामा नयेत. इतिहास गौरवासाठी जपावा, तसाच आत्मपरीक्षणासाठीही!