अटकेचे कारण कागदावर

६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय रेल्वे स्थानकावर समाजवादी नेते व मुंगेरचे खासदार मधू लिमये यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. अटकेची कारणे त्यांना सांगण्यात आली नाहीत. त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला. कारणे सांगण्याचे बंधन राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने घातले आहे. ते मोडले असेल, तर दंडाधिकाऱ्याने मागाहून सरधोपटपणे दिलेल्या कोठडीच्या हुकुमाने मूळचा दोष धुऊन निघत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

योगायोग असा की, बरोबर ५७ वर्षांनी, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, याच न्यायालयाने तत्त्वाची पुढची पायरी गाठली. मुंबईतील एका मोटार अपघाताच्या खटल्यातून हा निर्णय आला. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. तत्काळ शक्य नसेल तेथे ती तोंडी सांगावीत. पण दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती पडलाच पाहिजे. तसे न झाल्यास अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा ठरतील. २०२३ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या व २०२४ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील अटकांना लावलेला दंडक अशा रीतीने सर्वांना लागू झाला.

वास्तविक हे काम संसदेचे होते. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. वसाहतवादी कायदे गाडल्याचा केवढा गाजावाजा झाला! परंतु तिच्या ४७ व्या कलमात 'लेखी' हा एक शब्द घालणे सरकारला सुचले नाही. तोंडी सांगितल्याची नोंद पोलीसच करतात आणि खरेखोटेपणाचा पुरावाही त्यांच्याच दप्तरात असतो. कारभाऱ्यांना ही सोय सोडवत नाही.

ही सोय कोठवर जाते हे देशाने पाहिले आहे. १९७५ मध्ये 'मिसा' कायद्यात दुरुस्ती होऊन स्थानबद्धाला कारणे सांगण्याचे बंधनच काढून टाकण्यात आले. लिमयेही तेव्हा मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी आणीबाणीत स्थानबद्धाला दाद मागण्याचा हक्क नाही असे ठरविले. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. प्रतिबंधक स्थानबद्धतेला २२ व्या कलमातील अटकेच्या हमीतून मुळातच वगळलेले आहे, आणि नव्या निर्णयाने ते भगदाड बुजत नाही.

खासदाराला, धनिकाला दिल्लीचा दरवाजा ठोठावता येतो. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. त्यांतील कितीजणांना अटकेची तक्रार करता येते? वकील बहुधा पहिल्या कोठडीनंतर भेटतो, तोवर घडायचे ते घडून गेलेले असते. म्हणून त्या दोन तासांचे मोल. गडचिरोलीतील माडिया तरुणाच्या हाती मराठी छापील नमुना ठेवून पोलीस मोकळे होणार असतील, तर 'समजेल अशी भाषा' या शब्दांना अर्थ उरणार नाही. माडिया, भिली, कोरकू या भाषांतील दुभाषी कोठून व कोणाच्या खर्चाने येणार, हे गृहखात्याने जाहीर करावे. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनीही ठाण्यावर जाताना पहिली मागणी त्या कागदाचीच करावी, आणि तो मिळाल्याची वेळ लिहून ठेवावी.