कलेक्टरच्या सोयीची रेघ

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पुन्हा तापला की इंग्रजी अमदानीतली गॅझेट आणि अधिसूचना कपाटातून बाहेर काढल्या जातात. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावांवरचा हक्क एकमुखाने पुन्हा सांगितला. या सगळ्या वादात दोन्ही बाजू जुन्या सरकारी कागदांना साक्षीदार म्हणून उभे करतात. माझे म्हणणे असे की हा साक्षीदार खोटा नसला तरी तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. कोणत्या गावाचा सारा कोणत्या मामलेदाराने गोळा करायचा आणि कोणत्या मॅजिस्ट्रेटचे वॉरंट कुठवर चालायचे, हे त्या अधिसूचनांनी ठरवले. त्या गावातल्या माणसांची भाषा, सोयरिक, बाजारहाट कुणाशी बांधलेली होती हे त्या सांगत नाहीत, कारण सरकारला ते सांगायचेच नव्हते. ज्यांनी या हद्दी आखल्या त्यांनाही त्या पवित्र वाटत नव्हत्या. याचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच काळातल्या दुसऱ्या प्रकारच्या कागदांत आहे, म्हणजे आरोपी एकमेकांच्या स्वाधीन करण्याच्या करारांत. हद्दीच्या अधिसूचना आणि प्रत्यार्पणाचे करार शेजारी ठेवून वाचले की इंग्रजी राज्याला सीमा कशासाठी हवी होती ते स्पष्ट होते.

आधी जिल्ह्यांकडे पाहू. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्याला जो मुलूख मिळाला त्याचे तुकडे शंभर वर्षे पाडले आणि जोडले जात होते. बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला १८३६ मध्ये, मोठा धारवाड जिल्हा एका कलेक्टरला आवरेना म्हणून. सोलापूर १८३८ मध्ये जिल्हा झाला, १८६४ मध्ये मोडला आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा उभा राहिला. १८६४ मध्येच कलादगी जिल्हा तयार झाला, पण १८८५ मध्ये मुख्यालय विजापूरला हलले आणि जिल्ह्याचे नावही बदलले. कुलाबा आणि नाशिक यांना जिल्ह्याचा दर्जा १८६९ मधला, खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मधले, आणि ठाण्यातून मुंबई उपनगर वेगळे काढले ते १९२० मध्ये. उत्तर कानडा तर १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून थेट मुंबई इलाख्यात आणला गेला. कारवारचे बंदर विकसित करून धारवाडकडचा कापूस तिथून विलायतेला पाठवायचा, हा व्यापाऱ्यांचा आग्रह त्यामागे होता. कारवारच्या कोळ्याला, हळियाळच्या शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते. यातल्या एकाही फेरफाराचे कारण लोकांची ओळख हे नव्हते. साऱ्याची वसुली, कचेरीचे अंतर, बंदर, रस्ता, दुष्काळाचा बंदोबस्त ही कारणे होती. राज्य चालवायला ती पुरेशी आणि रास्तही असतील. पण अशा कारणांनी ओढलेली रेघ सव्वाशे वर्षांनी एखाद्या समाजाच्या भवितव्याचा आधार ठरते तेव्हा थांबून विचार करायला हवा.

खालसा मुलखाच्या या रेघांमध्ये संस्थानांचे तुकडे अडकलेले होते, आणि दक्षिण महाराष्ट्रात ही गुंतागुंत सर्वांत दाट होती. पटवर्धनांचे सांगली संस्थान घ्या. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी हे त्याचे तालुके एकमेकांपासून कित्येक मैल दूर विखुरलेले होते. मंगळवेढे सोलापूरच्या पोटात आणि शिरहट्टी थेट गदगच्या बाजूला. शहापूर तर बेळगाव शहराला इतके लागून, की आज ते शहराचाच एक भाग आहे. त्या काळी मात्र बेळगावातून शहापूरच्या पेठेत गेलेला माणूस इंग्रजांच्या कायद्यातून पटवर्धनांच्या कायद्यात गेलेला असे. भाषा तीच, देवळे तीच, व्याही तेच, फक्त हाकिम बदललेला. अशा मुलखात पोलिसांनी करायचे काय? म्हणून प्रत्यार्पणाची व्यवस्था उभी राहिली. निजामाशी १८६७ मध्ये करार झाला, राजपुतान्यातल्या संस्थानांशी त्याच सुमारास झाले. १८७२ आणि १८७९ च्या कायद्यांची नावेच बोलकी आहेत, कारण परमुलखातील अधिकार आणि प्रत्यार्पण हे दोन्ही विषय त्यांत एकाच कायद्यात बांधले होते. पुढे १९०३ चा कायदा आला. त्याच्या सातव्या कलमानुसार संस्थानातला पोलिटिकल एजंट वॉरंट काढी आणि खालसातला जिल्हा मॅजिस्ट्रेट ते बजावी. परक्या राष्ट्राने मागितलेल्या आरोपीची जशी मॅजिस्ट्रेटपुढे चौकशी होई, तशी इथे आवश्यक नव्हती. आणि त्याच कलमात एक अपवाद स्वच्छ लिहिला होता, तो म्हणजे युरोपियन ब्रिटिश प्रजाजनाला ही तरतूद लागू नाही. साताऱ्याच्या रयतेला हद्द एका वॉरंटाने ओलांडायला लागे, साहेबाला तीच हद्द कवच होई.

मराठी वाचकाला या व्यवस्थेचे परिणाम नावानिशी ठाऊक आहेत. वासुदेव बळवंत फडके १८७९ च्या जुलैत पकडले गेले ते तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी इथे, निजामाच्या सरहद्दीजवळ. त्यांचा पाठलाग मेजर डॅनियलबरोबर निजामाच्या पोलीस खात्याचे अब्दुल हकही करीत होते. बाळकृष्ण चापेकर निजामाच्या मुलखात दडून राहिले, पण तिथली सीमा त्यांना वाचवू शकली नाही. १२ मे १८९९ रोजी त्यांना फाशी झाली. सरकारला हवा असलेला माणूस असला की हद्द किती पातळ होई, हे या दोन घटनांत दिसते.

या संदर्भात एका खटल्याची आठवण आपल्याकडे क्वचितच काढली जाते, ती काढायला हवी. निजामाच्या राज्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या पट्ट्यावर इंग्रज सरकारने करार करून अधिकार मिळवला होता आणि तशी अधिसूचना गॅझेटात छापली होती. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचे वॉरंट घेऊन पोलिसांनी युसुफुद्दीन नावाच्या माणसाला शंकरपल्ली स्थानकावर पकडले. गुन्ह्याचा रेल्वेशी काही संबंध नव्हता. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८९७ मध्ये निकाल लागला की ही अटक बेकायदा आहे. रूळ इंग्रजी व्यवस्थेखाली असले तरी जमीन निजामाचीच राहिली होती, आणि निजामाने अधिकार दिला तो रेल्वेच्या कामापुरता. सरकारी अधिसूचना त्यापेक्षा जास्त अधिकार निर्माण करू शकत नाही. साम्राज्याच्याच सर्वोच्च न्यायासनाने सांगितलेले हे तत्त्व आजच्या वादालाही लागू आहे. अधिसूचना ज्या हेतूने काढली तेवढेच तिचे वजन, त्यापलीकडचे काहीही तिच्यावर लादता येत नाही.

गोव्याच्या बाजूला हेच चित्र व्यापाराच्या अंगाने दिसते. सावंतवाडीत १८४४-४५ मध्ये उठाव झाला तेव्हा फोंड सावंतांसारखे बंडवाले पोर्तुगीज हद्दीत गेले आणि गोव्याच्या सरकारने त्यांना परत द्यायला नकार दिला. ही दुखरी नस इंग्रज विसरले नाहीत. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनला इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात त्यांच्या हिंदुस्थानातल्या मुलखांबाबत जो करार झाला, त्याचे नावच व्यापार आणि प्रत्यार्पणाचा करार असे होते. जकातीच्या भिंती पाडल्या, गोव्याच्या मिठावर इंग्रजांनी ताबा मिळवला आणि त्यापोटी पोर्तुगीजांना दर वर्षी चार लाख रुपये कबूल केले, मुरगावच्या बंदरातून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आणली आणि आरोपी स्वाधीन करण्याची कलमेही त्याच कागदावर घातली. मीठ, रूळ आणि फरारी माणूस यांना एकाच करारात बसवणारी ही दृष्टी नीट समजून घ्या. १८९२ मध्ये करार संपला आणि जकात पुन्हा बसली. आरोंदा किंवा पेडणे इथल्या माणसाचे शेजारी त्या बारा-चौदा वर्षांत बदललेले नव्हते, बदलला होता तो दोन सरकारांचा हिशेब.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हद्द पक्की नसेल तर राज्य चालणार नाही, दरोडेखोर एका मुलखात लूट करून दुसऱ्यात निवांत राहतील. हे मला पूर्ण मान्य आहे. बार्शीसारख्या तालुक्याला बहुतेक बाजूंनी निजामाचा मुलूख होता, तिथे प्रत्यार्पणाचा करार नसता तर गावकऱ्यांचेच हाल झाले असते. प्रशासनाला रेघ लागते आणि ती काटेकोर लागते. माझा विरोध त्या रेघेला नाही, तिच्यावर ओळखीचा शिक्का मारण्याला आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हा युक्तिवाद मराठी माणसाला सोयीचा पडतो म्हणून तो मांडला जातो, असे कर्नाटकातला वाचक म्हणेल. त्याला माझे उत्तर आहे की नियम एकदा मानला की तो दोन्हीकडे लावावा लागेल. जत किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नडभाषक गावांविषयी बोलतानाही जुन्या संस्थानाच्या किंवा कलेक्टरेटच्या नकाशाचा आधार आपल्याला घेता येणार नाही. गाव हा घटक, सलग प्रदेश, लोकांची भाषा आणि इच्छा हे निकष आपण बेळगावला मागतो, तर ते तिथेही द्यावे लागतील. ते आपण खुल्या मनाने द्यावेत असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर काय झाले ते पाहिले की विसंगती उघड होते. प्रत्यार्पणाच्या जुन्या करारांची न्यायालयांनी कसून तपासणी केली. टोंक संस्थानाशी १८६९ मध्ये झालेला करार लागू आहे का, हा प्रश्न १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायमूर्ती मुखर्जी यांनी आपल्या निकालपत्रात म्हटले की टोंक राजस्थानात विलीन झाल्यावर तो करार अमलात आणता येण्याजोगा उरला नाही. त्याने आरोपीची सुटका झाली नाही, पण तत्त्व स्पष्ट झाले. ज्या १८८१ च्या कायद्याने सावरकरांना लंडनमधून हिंदुस्थानात पाठवण्यात आले, तो कायदा प्रजासत्ताक भारतात आहे तसा चालणार नाही, हे न्यायालयाने १९५४ मध्ये सांगितले. संसदेने १९६२ मध्ये नवा प्रत्यार्पण कायदा केला. उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे. अमेरिकेशी ब्रिटिशांनी १९३१ मध्ये केलेला करार भारतावर बंधनकारक राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात दिला आणि १९९७ मध्ये नवा करार होईपर्यंत तोच आधार होता. म्हणजे वसाहतीचा प्रत्येक कागद फेकून द्यायचा असे न्यायालय म्हणाले नाही. आजच्या राज्याशी, आजच्या नागरिकाच्या हक्कांशी तो जुळतो का, हे एकेक कागद उलगडून पाहिले.

जिल्ह्यांच्या अधिसूचनांच्या वाट्याला ही तपासणी आलीच नाही. १९५० मध्ये प्रांत आणि संस्थानांतली बेटे एकमेकांत मिसळण्याचा हुकूम निघाला, पण तोही प्रशासनाच्या सोयीचाच होता. आणि १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना करताना जिल्हा हाच मुख्य घटक मानला गेला. चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला दिला. चंदगड वेगळा काढता येतो, याचा अर्थ जिल्हा अभेद्य नाही हे तेव्हाही सरकारला कळत होते. मग खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या गावांसाठी तीच मोजपट्टी का लावली नाही, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले. त्या शिफारशी महाराष्ट्राने नाकारल्या. पण गावागणिक देवाणघेवाण करता येते, हे त्या अहवालानेही गृहीत धरले होतेच.

हे जुने कागद केवळ सीमावादापुरते राहिलेले नाहीत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला. तिथे मुळात असा वेगळा आधार लागतो तो एकाच समाजाच्या नोंदी निजामाच्या हद्दीच्या दोन बाजूंना दोन सरकारांनी दोन पद्धतींनी ठेवल्या म्हणून. या निर्णयाचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. पण लाखो लोकांचे हक्क ज्या कागदांवर तोलले जात आहेत ते कागद सामान्य माणसाला वाचायला मिळत नाहीत, हे कुणालाही पटणारे नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात काम करणाऱ्या मंडळींनी यातले बरेच जतन केले आहे. राज्य सरकारने आता मुंबई सरकारच्या गॅझेटातल्या हद्दबदलाच्या सर्व अधिसूचना, सोबतच्या नकाशांसह आणि मराठी भाषांतरासह, तालुकावार छापाव्यात आणि त्यांच्याबरोबर त्या त्या संस्थानाशी झालेले प्रत्यार्पणाचे करारही द्यावेत. अधिसूचनेमागचा पत्रव्यवहार उपलब्ध असेल तर तोही छापावा, कारण रेघ का ओढली हे त्यातच लिहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राच्या वकिलांनी एखादी जुनी अधिसूचना पुढे केली तर तिच्या मागचे कारणही त्याच वेळी ठेवावे, आणि कर्नाटकाने ठेवलेल्या कागदांबाबतही तोच आग्रह धरावा.