कॅडेटची पुस्तिका आणि मराठी

राष्ट्रीय छात्र सेनेच्या शस्त्रप्रशिक्षणाच्या हिंदी पाठात ‘शिस्त लेना’ असा शब्दप्रयोग येतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तो वाचतो, तेव्हा त्याच्या मनात सरळ रांग, वक्तशीरपणा आणि आज्ञापालन उभे राहते. वस्तुतः तेथे अर्थ आहे नेम धरणे. आपण जिला शिस्त म्हणतो, तिला हिंदीत ‘अनुशासन’ म्हणतात. छात्र सेनेचे ब्रीदवाक्यही ‘एकता और अनुशासन’ असेच आहे. मौजेची गोष्ट अशी की, फारसीतून आलेल्या या शब्दाचा ‘नेम’ हा अर्थ जुन्या मराठीतही होता व मोल्सवर्थच्या कोशात तो नोंदला आहे. आपण तो विसरलो, लष्करी हिंदीने जपला.

१९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली ही सेना आता केवळ कवायतीपुरती उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये तिला श्रेयांकांसह वैकल्पिक विषय म्हणून मान्यता दिली. ‘सी’ प्रमाणपत्र आणि पदवीत आवश्यक गुण असलेल्या कॅडेटला अधिकारीपदाच्या विशेष प्रवेशासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. तो थेट मुलाखत मंडळापुढे जातो. नांदेडच्या ५२ व लातूरच्या ५३ महाराष्ट्र बटालियनमधील शेतकरी घरांतल्या मुलामुलींसाठी ही पुस्तिका म्हणजे उपजीविकेची वाट आहे. ती बहुधा हिंदी वा इंग्रजीत असते.

सैन्याला आज्ञेची भाषा एकच हवी, हा आक्षेप मला मान्य आहे. ‘दाहिने मुड’ला मराठी पर्याय शोधण्याची मुळीच गरज नाही. परंतु आज्ञा ऐकून वळणे निराळे आणि नकाशावाचन किंवा प्रथमोपचार समजून घेणे निराळे. अभ्यासक्रमात आपत्ती व्यवस्थापनही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, तसे पुन्हा घडल्यास ढिगाऱ्याजवळ बसलेल्या आजीला ‘पाय हलवू नका, आधी फळी बांधू’ हे मराठीतच सांगावे लागेल. जे ज्ञान त्या भाषेत मनात उतरलेच नाही, ते ऐन घाईत ओठांवर कसे येणार?

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची शिपाई भरती परीक्षा २०२४ पासून मराठीतही देता येते. परीक्षेला चालणारी भाषा प्रशिक्षणाच्या पुस्तकाला का चालू नये, याचे समर्पक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

मात्र राज्यव्यवहारकोशाच्या धर्तीवर प्रत्येक शब्दाला संस्कृत प्रतिशब्द घडवण्याचा मोह टाळावा. ‘बेअरिंग’, ‘ग्रिड’, ‘मॅगझिन’ हे शब्द तसेच राहू द्यावेत. त्यांचे स्पष्टीकरण तेवढे सुबोध मराठीत यावे. परिभाषा आणि अनुवाद हे घटक अभ्यासणाऱ्या आपल्यापैकी कुणाच्या घरी कॅडेट असेल, तर त्याच्या पुस्तिकेतील प्रथमोपचाराचे एक पान मराठीत आणून पाहावे. नंतर ते त्यालाच वाचायला द्यावे आणि तो कोठे अडतो, तेथे खूण करावी.